संयुग, यौगिक, मुरक्कब : रसायनाच्या पहिल्या पाठाची भाषा

लखनौच्या हजरतगंज भागात सिब्तैनाबादचा इमामबाडा आहे. अवधचा नवाब अमजद अली शाह १८४७ साली निवर्तला; त्याची कबर येथे असून त्याच्या 'हजरत' या संबोधनावरूनच या पेठेस हजरतगंज हे नाव मिळाले असे मानले जाते. लखनौच्या इतर नवाबी इमारतींप्रमाणे या इमारतीचे बांधकामही लाखौरी विटांचे व चुन्याचे. रसायनशास्त्राचा पहिला पाठ शिकवू पाहणाऱ्या शिक्षकास अशा भिंतीहून चांगले साधन मिळणे कठीण. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातून एक वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर चुना ५६ किलो भरतो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जातात. या चुन्यावर पाणी घातले की तो फुगतो, तापतो, त्यातून वाफा निघतात आणि त्याचे मऊ पीठ होते. हे पीठ वाळूत वा विटांच्या सुरखीत कालवून भिंतीला लावले की ते हळूहळू हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेते आणि वर्षानुवर्षांनी त्याची पुन्हा चुनखडी होते. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांच्या गिलाव्यावर हात ठेवणारा विद्यार्थी बऱ्याच अंशी दगडावरच हात ठेवीत असतो. मात्र तो खाणीतून निघालेला दगड नव्हे, दोन स्थित्यंतरांतून फिरून आलेला दगड होय.

हे सारे प्रयोगशाळेशिवाय सांगता येते. भाषेशिवाय मात्र सांगता येत नाही. बालविद्यार्थ्यास रासायनिक संयुग व रासायनिक बदल यांची ओळख करून देताना जी अडचण येते ती द्रव्यांच्या स्वभावामुळे येते असे सामान्यतः समजले जाते. तिचा मोठा भाग शब्दांच्या पूर्वायुष्यामुळे येतो, हे भारतीय भाषांची पाठ्यपुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे ध्यानात येते. एकाच वस्तूसाठी मराठीने, हिंदीने आणि उर्दूने वेगवेगळे शब्द निवडले, आणि प्रत्येक शब्द आपल्याबरोबर जुन्या शास्त्राचा काही संस्कार घेऊन वर्गात आला. लखनौ हे शहर या विचारास विशेष सोयीचे आहे; कारण तेथे हिंदी व उर्दू या दोन परिभाषा एकाच रस्त्यावर नांदल्या. मुन्शी नवलकिशोर यांचा १८५८ साली सुरू झालेला आणि पुढे हजरतगंजात स्थिरावलेला छापखाना उर्दू-फारसी ग्रंथांबरोबर शालेय पुस्तकेही छापीत असे. आणि १९७६ साली स्थापन झालेली उत्तर प्रदेश हिंदी संस्थान ही संस्थाही हजरतगंजातच आहे.

प्रथम चुन्याचेच उदाहरण पुढे नेऊ. हिंदी व उर्दू बोलणारा माणूस पाणी घातलेल्या चुन्यास 'बुझा हुआ चूना' म्हणतो. आग बुझते, तहान बुझते, तसाच चुनाही. या क्रियापदात त्या द्रव्याच्या पोटात आग आहे आणि पाण्याने ती शमली असे एक लहानसे स्पष्टीकरणच दडलेले आहे. मराठीत चुना विरतो. विरणे म्हणजे झिजून सैल होणे, आपला आकार सोडणे. वस्त्र विरते, ढग विरतात. हिंदी शब्दाने उष्णता टिपली, मराठी शब्दाने आकारातील पालट टिपला. दोन्ही निरीक्षणे बिनचूक आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. कारण पाणी चुन्याशी संयोग पावून त्याचाच भाग झाले, ही मुख्य गोष्ट दोघांपैकी एकही सांगत नाही. तरीही शिक्षकाने प्रारंभ याच शब्दांपासून करावा. विद्यार्थ्याने तोवर पाहिलेले सारे त्या शब्दांतच साठलेले असते. (कळीच्या चुन्याचा कण डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून तो विरवण्याचे काम मुलांच्या हाती देऊ नये.)

मराठी घरगुती क्रियापदांची या बाबतीतील श्रीमंती पाहण्याजोगी आहे. दूध विरजते, नासते, उतू जाते, आटते. पीठ आंबते, भाकरी करपते, लोखंड गंजते, तांब्याच्या भांड्याला कळकट चढते, पाचोळा कुजतो, आंबा पिकतो आणि मग उतरतो. उलटपक्षी मीठ विरघळते, मेण वितळते, तूप थिजते, पाणी गोठते, ओले कपडे वाळतात. या दोन गटांकडे बारकाईने पाहिले तर पहिल्यातील बहुतेक क्रियापदे रासायनिक बदलाची आहेत व दुसऱ्यातील भौतिक बदलाची, असे दिसून येते. म्हणजे पाठ्यपुस्तक जी रेषा सहावी-सातवीच्या वयात आखू पाहते तिची पुसट खूण भाषेत आधीच आहे. पहिल्या गटातील शब्दांना बहुधा परत न येण्याचा अर्थ चिकटलेला असतो. नासलेले दूध 'अननासले' करता येत नाही; तसे क्रियापदच मराठीत नाही. थिजलेले तूप मात्र पुन्हा पातळ होते, आणि हे सांगण्यास भाषेपाशी शब्दही आहेत.

पण या खुणेवर फार विसंबता येत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. मराठीत द्रव्यांतर सांगण्याची नेहमीची रचना म्हणजे 'दुधाचे दही झाले' ही. 'लाकडाची राख झाली', 'हळदीचे कुंकू झाले' ही वाक्ये तिच्यात नीट बसतात. परंतु 'पाण्याचा बर्फ झाला' हे वाक्यही त्याच घडणीचे आहे. व्याकरण दह्यात आणि बर्फात भेद करीत नाही. दोन्ही ठिकाणी एका नावाची वस्तू जाऊन दुसऱ्या नावाची आली एवढेच ते जाणते. बर्फ ही वेगळीच वस्तू आहे असे जे लहान मुलास वाटते त्याचे एक कारण भाषेने तिला दिलेले स्वतंत्र नाव हे असावे. 'घट्ट पाणी' असे नाव असते तर बहुधा हा पाठ सोपा झाला असता. उलट हळदीच्या कुंकवात नाव बदलले तसे द्रव्याचे अंतरंगही बदलले. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मिळाला की हळदीतील रंगद्रव्य लाल होते. हळदीच्या डागावर साबण लावताच तो तांबडा होतो, हे मराठी घरातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते, पण त्याला कोणी नाव दिलेले नसते. ज्या बदलाला भाषेने नाव दिले नाही तो वर्गात आणणे हेही शिक्षकाचेच काम असते.

आता संयुगाकडे वळू. मिश्रण आणि संयुग यांतील भेद शिकविण्यासाठी शाळेत लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड यांचा प्रयोग करतात. सात भाग लोखंड व चार भाग गंधक या वजनी प्रमाणात ते एकत्र कालवले तरी लोहचुंबक फिरवताच लोखंड वेगळे निघते. हेच मिश्रण परीक्षानळीत तापवले की ते लाल होऊन धगधगते, आणि निवल्यावर जो काळा गोळा उरतो तो ना लोखंडासारखा चुंबकाला चिकटतो, ना गंधकासारखा पिवळा असतो. तो आयर्न सल्फाइड असतो. घटक तेच, वजन तेच, गुणधर्म मात्र सर्वस्वी निराळे. विद्यार्थ्यापुढे येणारे रसायनशास्त्रातील हे पहिले खरे कोडे होय. ज्या नावाने ते त्याच्यापुढे येते ते नाव या कोड्यास साहाय्य करते की अडवते, हा येथील प्रश्न आहे.

हिंदीने संयुगास 'यौगिक' म्हटले. योग म्हणजे जोडणी. त्यापासून झालेले ते यौगिक. शब्द सरळ दिसतो. परंतु भारतीय शब्दशास्त्रात त्याला फार नेमका अर्थ होता. ज्या शब्दाचा अर्थ त्याच्या अवयवांच्या अर्थांवरून लागतो तो यौगिक, जसा 'पाचक'. ज्याचा अर्थ अवयवांवरून लागत नाही, केवळ प्रघाताने ठरतो, तो रूढ, जसा 'गो'. आणि जेथे अवयवार्थ लागतो पण प्रघात त्यास एकाच वस्तूपुरता बांधून टाकतो तो योगरूढ, जसा 'पंकज'. या विभागणीच्या प्रकाशात पाहिले म्हणजे एक गमतीदार विसंगती समोर येते. व्याकरणातील यौगिक शब्द आपल्या अवयवांवरून पुरता उलगडतो. रसायनातील यौगिक नेमके याच्या उलट वागते. हायड्रोजन जळतो, ऑक्सिजन जळण्यास साहाय्य करतो, आणि त्यांच्यापासून झालेले पाणी आग विझवते. सोडियम पाण्यात टाकताच पेट घेऊ शकतो, क्लोरीन विषारी आहे, आणि त्यांचे मीठ रोजच्या जेवणात असते. जुन्या शब्दशास्त्राच्या कसोटीने पाहिले तर रासायनिक संयुग 'रूढ' म्हणावे लागेल! हिंदी परिभाषाकारांना ही विसंगती दिसली नसेल असे मानण्याचे कारण नाही. जोडणी दाखविणारा शब्द त्यांना हवा होता, आणि त्यांनी गुणांपेक्षा घडणीला महत्त्व दिले.

लखनौत याच वस्तूचे दुसरे नाव 'मुरक्कब'. उर्दू शाळेत मूलद्रव्य म्हणजे उन्सुर, संयुग म्हणजे मुरक्कब आणि मिश्रण म्हणजे आमेजा. मुरक्कब हा शब्द अरबी व्याकरणातही आहे आणि यूनानी वैद्यकातही. १९०२ साली लखनौत 'तकमील-उत्-तिब' हे यूनानी वैद्यकाचे महाविद्यालय निघाले. त्या परंपरेत एकेरी औषधास मुफ्रद आणि अनेक द्रव्ये एकत्र करून केलेल्या औषधास मुरक्कब म्हणतात. हकिमाचा मुरक्कब हा रसायनशास्त्राच्या दृष्टीने बहुतेक वेळा मिश्रणच असतो. म्हणजे ज्या मुलाच्या घरी आजीचे औषध अत्तारांच्या दुकानातून येते त्याच्या मनात मुरक्कब शब्दाबरोबर खलबत्ता येतो. भट्टी येत नाही. तथापि हा दोष म्हणून सोडून देण्याइतकी गोष्ट साधी नाही. यूनानी विचारात घटकांच्या परस्परक्रियेतून एक नवा 'मिजाज' उत्पन्न होतो अशी कल्पना आहे. घटकांचे गुण एकमेकांस मोडून जो नवा स्वभाव तयार होतो तो मिजाज. हा विचार आयर्न सल्फाइडच्या काळ्या गोळ्याला, यौगिक शब्दामागील व्याकरणापेक्षा, अधिक जवळचा आहे. उर्दूतील रसायनाच्या पहिल्या पाठास मिजाजाचा आधार घेता आला असता. तो फारसा घेतला गेला नाही, कारण नव्या शास्त्राला जुन्या वैद्यकापासून अंतर राखायचे होते.

मराठीचा 'संयुग' शब्द या दोहोंच्या मानाने मोकळा आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ संयोग असला तरी अमरकोशात तो युद्धवाचक शब्दांच्या मालिकेत येतो. दोन सैन्ये भिडतात ते संयुग. मराठी बोलण्यात हा अर्थ कधी रुळला नाही, त्यामुळे शाळकरी मुलास संयुग शब्द प्रथम भेटतो तो रसायनाच्या पुस्तकातच. त्याला आधीचे काही विसरावे लागत नाही. हा लाभ आहे. पण आधीचे काही आठवतही नाही, हा तोटा. मराठीच्या शिक्षकास म्हणूनच दुसरीकडून आधार आणावा लागतो, आणि तो त्याच विद्यार्थ्याच्या व्याकरणाच्या तासात सापडतो. 'डाळभात' या द्वंद्व समासात डाळही राहते व भातही राहतो, ते मिश्रण. 'नीलकंठ' या बहुव्रीहीत निळेपणावर वा कंठावर अर्थ थांबत नाही, तिसऱ्याच कोणाचा तरी बोध होतो, ते संयुग. वर्गात हे साम्य मुलांस चटकन पटते. मात्र ते फार ताणू नये. समासातील पदांना वजन नसते. पाण्यात मात्र हायड्रोजन एक भाग तर ऑक्सिजन आठ भाग हे वजनी प्रमाण गोमतीच्या पाण्यात आणि गोदावरीच्या पाण्यात सारखेच असते, आणि या ठरलेल्या प्रमाणावरच आधुनिक रसायनाची उभारणी झाली. ज्या पाठात तराजू नाही त्यात संयुगाची व्याख्या पाठ होते, संयुग समजत नाही.

मूलद्रव्याच्या नावात तिन्ही भाषांची वाट आणखी स्पष्टपणे फुटते. हिंदीने 'तत्त्व' हा शब्द घेतला, उर्दूने 'उन्सुर'. पहिल्यामागे पंचतत्त्वे उभी आहेत, दुसऱ्यामागे आग, हवा, पाणी व माती हे चार अनासिर. त्यामुळे लखनौचा विद्यार्थी जेव्हा 'जल तत्त्व नहीं, यौगिक है' हे वाक्य वाचतो तेव्हा त्याच्या घरातील, कथेतील, प्रवचनातील एका समजुतीस थेट धक्का बसतो. मराठीने जुन्यांस पंचमहाभूते म्हणून बाजूला ठेवले आणि नव्यासाठी 'मूलद्रव्य' हा शब्द घडवला. 'पाणी हे मूलद्रव्य नव्हे' या वाक्यात कोणाचाच विरोध होत नाही. ती एक माहिती ठरते. परिभाषेच्या स्वच्छतेच्या दृष्टीने मराठीची निवड निश्चितच सरस आहे. पण शिक्षणाच्या दृष्टीने हिंदीच्या गोंधळात एक मोल आहे. पाणी हे संयुग आहे हा शोध १७८० नंतरच्या काही वर्षांत कॅव्हेंडिश आणि लाव्हाझिए यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाला तेव्हा युरोपातही दोन हजार वर्षांची समजूत मोडली होती. ती मोडताना काय वाटले असेल याची चव हिंदी वाक्य आजही देते. मराठी विद्यार्थ्यास ती चव हवी असेल तर शिक्षकाने महाभूतांची आठवण मुद्दाम करून द्यावी लागते.

हे शब्द घडले कसे याचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. मराठीत मुलांसाठी रसायन आणण्याची धडपड शंभर वर्षांहून कितीतरी जुनी आहे. जेन मार्सेट यांचे रसायनविषयक संभाषणांचे इंग्रजी पुस्तक १८०६ च्या सुमारास लंडनमध्ये निघाले; त्यात एक शिक्षिका एमिली व कॅरोलाइन या दोन मुलींशी बोलता बोलता शास्त्र उलगडते. पुस्तकबांधणीचे काम शिकणाऱ्या तरुण मायकेल फॅरेडेस रसायनाची गोडी लागली ती या पुस्तकामुळे. मुंबईच्या हरि केशवजी यांनी १८३० नंतरच्या दशकातच ते मराठीत आणले. संवादाचा घाट मराठी वाचकास परका नव्हता. गुरुशिष्यसंवाद ही त्याच्या धर्मग्रंथांची ओळखीची रीत. नवे होते ते एवढेच, की येथे शिष्या शंका विचारतात आणि शिक्षिका ती प्रयोगाने मिटवते. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७-१९०६) यांनी रसायनासह अनेक शास्त्रांवर मराठीत पुस्तके लिहिली. 'प्राणवायू', 'गंधकाम्ल', 'नत्राम्ल' अशा शब्दांनी त्या पिढ्यांतील विद्यार्थ्यांचा रसायनाशी परिचय झाला. यांपैकी प्राणवायू हा शब्द विशेष भाग्याचा. लाव्हाझिएने ऑक्सिजन हे नाव 'आम्ल निर्माण करणारा' या अर्थाने दिले होते. बंगाली व हिंदीतील 'अम्लजन' हा त्याचाच अनुवाद. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने मिठाच्या आम्लात ऑक्सिजन नसल्याचे दाखवले आणि मूळ नावच चुकीचे ठरले. अम्लजन या शब्दाने युरोपची चूक इमानाने भाषांतरित केली; प्राणवायूने तो वायू काय करतो तेवढेच सांगितले आणि तो चुकीतून वाचला.

मराठी प्रदेशाचा उर्दू परिभाषेशी असलेला संबंध मात्र आपल्याकडील चर्चेत सहसा येत नाही. वहीदुद्दीन सलीम यांचा परिभाषा घडविण्याच्या तत्त्वांवरील 'वज्-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ १९२१ साली निघाला तो औरंगाबादेहून. मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखालील अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे ठाणे १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत औरंगाबादेस होते, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानासह सर्व उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत मराठवाड्यातून तेथे शिकावयास गेलेला मराठीभाषक विद्यार्थी घरी पंचमहाभूते ऐके आणि वर्गात उन्सुर व मुरक्कब शिके. लखनौच्या वर्गातील उर्दू शब्दांचा एक मोठा कारखाना अशा रीतीने मराठी भूमीत चालला. त्याच सुमारास थोड्या पुढे, नागपुरास, डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून संपूर्ण भारतीय परिभाषा घडविण्याचे प्रचंड कार्य आरंभले. ऑक्सिजनला जारक, कार्बनला प्रांगार, नायट्रोजनला भूयाति ही त्यांची नावे. त्यांच्या व्युत्पत्तीत दोष काढणे अवघड आहे. पण जे शब्द कोणाच्याच तोंडी नव्हते ते मुलांच्या तोंडी एकदम घालण्याचा तो प्रयत्न होता, आणि मुलांनी ते स्वीकारले नाहीत. १९६१ मध्ये केंद्र शासनाने वैज्ञानिक परिभाषेसाठी आयोग नेमला. त्याने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवावी हे धोरण घेतले. ते शहाणपणाचे होते.

या सर्व व्यापातून आजचे खरे नुकसान जेथे होते ते ठिकाण फार लहान आहे. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा अखेरचा कण आणि रेणू म्हणजे अणूंचा समूह. हिंदीत परमाणु म्हणजे तो अखेरचा कण आणि अणु म्हणजे परमाणूंचा समूह. वैशेषिकांच्या परमाणु, द्व्यणुक व त्रसरेणु या पायऱ्यांतून दोन्ही भाषांनी आपापले शब्द उचलले, पण पायरी वेगवेगळी धरली. मराठी वर्तमानपत्रातील अणुबॉम्ब हा हिंदी वर्तमानपत्रातील परमाणु बम असतो, यामागचे कारण हेच. तसेच 'क्षार' या शब्दाचे. मराठी पाठ्यपुस्तकात आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाणी व क्षार तयार होतो. हिंदी पाठ्यपुस्तकात अम्ल व क्षारक यांपासून जल व लवण तयार होते, आणि क्षार म्हणजे मराठीतील अल्क. वडिलांच्या बदलीमुळे नागपूरहून लखनौस आलेल्या सातवी-आठवीच्या मुलास हिंदी येत असते, देवनागरी येत असते, आणि म्हणूनच त्याची चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. अपरिचित शब्द असता तर त्याने अर्थ विचारला असता. परिचित शब्द दुसऱ्या अर्थाने भेटला की मूल विचारीत नाही. ते उत्तर लिहिते, आणि ते उत्तर चूक ठरते. संगीतात असे झाले नाही. १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय उभारणाऱ्या विष्णू नारायण भातखंड्यांची थाटांची मांडणी मराठीतून हिंदीत गेली ती अर्थासह गेली. विज्ञानाच्या बाबतीत राज्याराज्यांच्या समित्यांनी एकमेकींचे कोश समोर ठेवून निदान अशा पाचपंचवीस शब्दांची नोंद पाठ्यपुस्तकाच्या अखेरीस दिली असती तर फार खर्च आला नसता.

पाठ्यपुस्तकाची भाषा हाच विज्ञानशिक्षणातील अडसर असू शकतो, हा विचार मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात १९७४ नंतरच्या वर्षांत वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी अभ्यासाचा विषय केला. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांपासून सुरू झालेल्या आणि २००२ मध्ये शासनाने बंद केलेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमाने प्रयोग आधी व व्याख्या नंतर हा क्रम आग्रहाने पाळला. महाराष्ट्रात अलीकडे सेमी-इंग्रजी वर्ग वाढल्यापासून अनेक मराठी मुले विज्ञान इंग्रजीतूनच शिकतात. त्यामुळे संयुग की यौगिक हा वाद संपला असे काहींस वाटते. तसे नाही. इंग्रजी शब्द पाठ करणारे मूलही विचार करते तो विरणे, नासणे, आंबणे या शब्दांतूनच, आणि त्या शब्दांचा हिशेब कोणी घेतला नाही तर इंग्रजी संज्ञा त्यांच्या वर तरंगत राहते.

याचा एक साधा पडताळा चुन्याच्या निवळीत मिळतो. विरलेला चुना भरपूर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की वर जे स्वच्छ पाणी राहते ते मराठीत निवळी. त्यात नळीने हळूहळू श्वास सोडला की ती दुधाळ होते. श्वासातील कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो व चुनखडीचे सूक्ष्म कण तयार होतात. इमामबाड्याच्या भिंतीत जे वर्षानुवर्षे चालले ते येथे मिनिटाभरात दिसते. बहुतेक वर्गांत प्रयोग येथेच थांबतो. परंतु श्वास तसाच सोडीत राहिले तर काही वेळाने पाणी पुन्हा स्वच्छ होऊ लागते. 'पुन्हा निवळली,' असे मुले म्हणतात, आणि आपण जेथून निघालो तेथे परत आलो असे समजतात. शब्द त्यांना तसेच सांगतो. वस्तुतः चुनखडीवर आणखी वायू व पाणी यांची क्रिया होऊन कॅल्शियम बायकार्बोनेट हे पाण्यात विरघळणारे तिसरेच द्रव्य तयार झालेले असते. शिक्षकाने आता ते पाणी चुलीवर ठेवावे. उकळू लागताच वायू निघून जातो आणि पांढरा साका पुन्हा खाली बसतो. जड पाण्याच्या गावी चहाच्या भांड्याला आतून जो पांढरा थर धरतो, तो हाच.